माळ घातली, तरी गोळी सुटेना

"मॅडम, हे गर्दुल्ले झाले का?" खुर्चीत बसायच्या आतच बाईंनी विचारलं. शेजारी टेम्पो चालवणारे त्यांचे मालक, मान खाली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मणक्यात गॅप म्हणून दोन वर्षांपूर्वी ट्रॅमाडॉल, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक औषध, सुरू झालं. 50 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल, दिवसाला दोन. आता बारा झाल्या होत्या. म्हणजे 600 मिलिग्रॅम; डॉक्टर सहसा 400 च्या वर जात नाहीत. 2018 पासून हे औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तरी ओळखीच्या दुकानात जुन्या चिठ्ठीवर मिळत होतं.

आषाढीला त्यांनी माळ घातली आणि त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. दुसऱ्या दिवशी नाक गळायला लागलं, जांभया थांबेनात, अंगावर काटा, जुलाब. पायांत अशी तळमळ की रात्रभर अंगणात फेऱ्या. तिसऱ्या रात्री डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा चार कॅप्सूल घेतल्या. तासाभरात सगळं शांत. मग माळेला हात लावायची लाज वाटू लागली.

माळेच्या आधारानं सावरलेली माणसं मी पाहिली आहेत, तो आधार मी कमी लेखत नाही. पण शरीराला सवय लागली होती, त्यात पाप कसलं? त्यांना तसंच सांगितलं. मनानं डोस वाढवला, ती चूक मात्र झाकली नाही. शिवाय एवढ्या डोसवर फिट येण्याचा धोका असतो, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून आठवड्याला साधारण एक कॅप्सूल कमी करायचं ठरवलं. काहींना बुप्रेनॉर्फिन (असली सवय सोडवताना त्रास आटोक्यात ठेवणारं औषध) देतात, यांना गरज पडली नाही. पट्ट्या बाईंकडे. कंबरेसाठी फिजिओथेरपी, कारण दुखणं खरंच होतं. चारवर येऊन गाडी अडली. तिथे तीन आठवडे थांबलो. बाईंना वाटलं, सगळं मुसळ केरात. तसं नव्हतं. झोप मात्र शेवटची गोळी बंद झाल्यावरही महिनाभर रुसलेली होती.

नंतरच्या भेटीत त्यांनी टेम्पोच्या कप्प्यात लपवलेली अख्खी पट्टी टेबलावर ठेवली. मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. बरं झालं आणली. सवय मोडलेल्या शरीरात जुना डोस एकदम गेला तर श्वास मंदावून जीवावर बेतू शकतं, हे त्या दिवशी बाईंना पुन्हा एकदा समजावलं.