वाचकांचे प्रश्न : कर्स्टी कॉव्हेंट्री आणि बॅकस्ट्रोक

प्रश्न : आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्ष पूर्वी जलतरणपटू होत्या. पदके जिंकली की असे पद मिळते का?

उत्तर : नाही. पदकांनी नाव होते. मते वेगळी मिळवावी लागतात. झिम्बाब्वेच्या ८ ऑलिंपिक पदकांपैकी ७ कर्स्टी कॉव्हेंट्री यांची आहेत. उरलेले एक १९८० चे महिला हॉकीचे सुवर्ण. २००० ते २०१६ अशी सलग पाच ऑलिंपिक त्या पोहल्या, आणि २०० मीटर बॅकस्ट्रोकचे (पाठीवर पोहण्याच्या शर्यतीचे) सुवर्ण अथेन्स व बीजिंग अशा दोन्ही ठिकाणी जिंकले. पण समितीत त्यांचा प्रवेश झाला तो खेळाडू आयोगातून. या आयोगाची निवडणूक ऑलिंपिकच्या काळातच होते आणि स्पर्धेला आलेले खेळाडू मतदान करतात. २०१२ मध्ये लंडनला दोन उमेदवार प्रचाराचे नियम मोडल्याने बाद झाले, वाद क्रीडा लवादापर्यंत गेला, आणि त्यातून मोकळ्या झालेल्या जागेवर २०१३ मध्ये कॉव्हेंट्री सदस्य झाल्या. रिओत त्या पोहल्या तेव्हा समितीवर होत्याच. २०१८ मध्ये आयोगाचे अध्यक्षपद आणि झिम्बाब्वेचे क्रीडामंत्रिपद, दोन्ही आले.

मंत्रिपदाचा काळ खडतर गेला. सरकारी क्रीडा आयोगाने फुटबॉल संघटनेचे मंडळ निलंबित केले. हा सरकारी हस्तक्षेप ठरवून फिफाने २०२२ मध्ये झिम्बाब्वेवर बंदी घातली, ती २०२३ मध्ये उठली. त्यांच्या कामाचा हिशेब मांडताना हे वगळणे योग्य नाही.

अध्यक्षपदाचे मतदान २० मार्च २०२५ ला ग्रीसमध्ये झाले. उमेदवार ७, मते ९७, म्हणजे जिंकायला ४९ हवीत. तेवढे बहुमत कुणालाच मिळाले नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार गळतो आणि पुन्हा मतदान होते. कॉव्हेंट्री यांना पहिल्याच फेरीत नेमकी ४९ पडली. पहिल्या महिला आणि पहिल्या आफ्रिकी अध्यक्ष त्या अशा झाल्या. मुदत ८ वर्षांची. मतदान करणारे हे सदस्य २०२३ मध्ये मुंबईत जमले होते, आणि २०२८ च्या ऑलिंपिकसाठी क्रिकेटला मंजुरी त्यांनी तिथेच दिली.

प्रश्न : बीजिंगला १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये विश्वविक्रम करूनही त्यांना रौप्यच का?

उत्तर : विक्रम उपांत्य फेरीत झाला, ५८.७७ सेकंद. अंतिम फेरीत ती वेळ धरत नाहीत. तिथे नॅटली कॉफलिनने ५८.९६ आणि कॉव्हेंट्री यांनी ५९.१९ सेकंद घेतले.

प्रश्न : माझी १२ वर्षांची मुलगी बॅकस्ट्रोकच्या टर्नमध्ये दोनदा बाद झाली. काय चुकत असेल?

उत्तर : बहुतेक ती लवकर पालथी होते आणि भिंत गाठायला पाय मारत तरंगत जाते. पालथे झाल्यावर हाताची एकच सलग ओढ (किंवा दोन्ही हातांची एकत्र) चालते, आणि त्यातूनच गिरकी सुरू व्हायला हवी. मध्ये थांबले की पंच हात वर करतात.

उपाय मोजणीचा आहे. झेंड्यांची दोरी भिंतीपासून ५ मीटरवर असते. झेंड्यांपासून भिंतीपर्यंत किती हात पडतात ते शर्यतीच्या वेगात मोजा. सावकाश पोहून काढलेला आकडा फसवतो. शेवटचा हात पालथे होण्यासाठी राखायचा. २०० मीटरच्या अखेरच्या टप्प्यात दमल्यामुळे हात आखूड पडतो आणि एखादा हात वाढतो, म्हणून दमलेल्या अवस्थेतही मोजून घ्या. भिंत सोडताना मुलगी पाठीवर असली पाहिजे, आणि डोके १५ मीटरच्या आत पाण्याबाहेर यायला हवे. शर्यत संपवताना मात्र पालथे होता येत नाही. भिंतीला हात पाठीवरूनच लागला पाहिजे.