डाइंगच्या गरम पाण्याच्या लाइनवर बॅटरीवरचा अल्ट्रासॉनिक हीट मीटर: ५५ पिकोसेकंदांची टीडीसी (सूक्ष्म वेळ मोजणारी) चिप घ्यावी की २२ ची?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल डाइंगसाठी २० मिमी बोअर, ताशी १.५ घनमीटर प्रवाह आणि दहा वर्षं बॅटरी, असं तुम्ही लिहिलंय आणि वरच्या दोनपैकी कोणती चिप घ्यावी ते विचारलंय. आधी लाइनमध्ये पाणीच आहे ना, ते बघा. सोलापुरात बऱ्याच ठिकाणी जिगरला (कापड रंगवायच्या यंत्राला) थेट वाफ जाते. वाफेवर हा मीटर चालत नाही.

पाणी असेल तर हिशोब असा. मीटर ध्वनी प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध पाठवतो आणि दोन्ही प्रवासांच्या वेळेतल्या फरकावरून प्रवाह काढतो. वेळेतला फरक = २ × अंतर × प्रवाहाचा वेग ÷ ध्वनिवेगाचा वर्ग. अंतर ६० मिमी आणि ध्वनिवेग १५०० मी/से धरला तर पूर्ण प्रवाहाला (१.३३ मी/से) फरक येतो ७१ नॅनोसेकंद. ताशी १५ लिटरला तोच ७१० पिकोसेकंद. ईएन १४३४ (हीट मीटरचं युरोपीय मानक) च्या वर्ग २ मध्ये तिथे ४ टक्के चूक चालते, म्हणजे साधारण २८ पिकोसेकंद. यावरून ५५ ची चिप बाद वाटेल, पण १६ मापांची सरासरी काढली की नॉइज चौथ्यावर येतो. सरासरीने जात नाही तो झिरो ऑफसेट (प्रवाह शून्य असतानाही दिसणारा फरक), आणि खरी मारामारी तिथेच आहे. मी तरी २२ ची टीडीसी-जीपी२२ घेईन, पण पिकोसेकंदांसाठी नाही. कम्पॅरेटर, फायर पल्स (ध्वनी सोडणारा पल्स) आणि तापमान मोजणी तिच्यातच आहे. ५५ च्या टीडीसी७२०० ला अॅनालॉग फ्रंट एंड (सिग्नल पाठवणारं-ऐकणारं सर्किट) वेगळा लावावा लागतो.

ऑफसेट कमी ठेवायचा तर पाठवताना आणि ऐकताना ट्रान्सड्यूसरला (ध्वनी सोडणाऱ्या-ऐकणाऱ्या भागाला) दिसणारा इम्पीडन्स सारखाच हवा. जोडी एकाच लॉटमधली, कपॅसिटन्स आणि रेझोनन्स मोजून जुळवलेली घ्या. पाइप भरून, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून, तापमान स्थिरावल्यावर २५ आणि ६० अंशांना झिरो बघा. दोन्हीकडे वेगळा आला तर जोडी बदला. सॉफ्टवेअरमध्ये आकडा वजा करून ते भागत नाही.

दुसरी भानगड चुकीची लाट पकडली जाण्याची. १ मेगाहर्ट्झला एक लाट म्हणजे १ मायक्रोसेकंद. एकाच दिशेला लाट चुकली तर पूर्ण प्रवाहाच्या चौदापट आकडा येतो, तो लगेच कळतो. दोन्ही दिशांना चुकली तर फरक बरोबर दिसतो, पण ४० मायक्रोसेकंदांच्या प्रवासात १ ची चूक म्हणजे ध्वनिवेगात अडीच टक्के आणि प्रवाहात पाच. म्हणून पीटी१००० (तापमानाचा सेन्सर) च्या तापमानावरून ध्वनिवेग काढून पडताळा: २० अंशांना १४८२, ६० ला १५५१ मी/से. उलट, ध्वनिवेगावरून तापमान काढायला जाऊ नका. साधारण ७४ अंशांच्या पुढे वेग पुन्हा उतरतो.

चिपच्या घड्याळाचा ४ मेगाहर्ट्झचा सिरॅमिक रेझोनेटर लवकर सुरू होतो, पण अचूक नसतो. ३२.७६८ किलोहर्ट्झ क्रिस्टलच्या ४ आवर्तनांवर (१२२.०७ मायक्रोसेकंद) तो वरचेवर कॅलिब्रेट करा. तापमानासाठी डिस्चार्ज कपॅसिटर एनपीओच (तापमानाने न बदलणारा) लावा, एक्स७आर नको. सेन्सरच्या वायरी दोन्हीकडे सारख्या लांबीच्या हव्यात. ०.२२ चौ. मिमीची ३ मीटर जोडवायर ०.४७ ओहम भरते, म्हणजे पीटी१००० वर ०.१२ अंश. दोन्हीकडे तेवढीच असेल तर ती आपसात कटते. पुढे कोणी वायरमनने एकाच सेन्सरची वायर २ मीटर वाढवली की ०.०८ अंश जास्त. तापमानफरक १० असेल तर बिलात ०.८ टक्के.

ईआर१४५०५ (एए आकाराच्या लिथियम) सेलचे २.४ अँपिअर-तास ÷ ८७,६०० तास = २७ मायक्रोअँपिअर. सेल्फ-डिस्चार्ज जाऊन १८ हातात धरा. प्रवाह सेकंदाला दोनदा, तापमान ३० सेकंदांनी एकदा, एवढ्यात बसतं. रेडिओ हवा असेल तर सी साइजचा सेल घ्या. पॅसिव्हेशनमुळे (सेलच्या आत साचणाऱ्या थरामुळे) पल्सला व्होल्टेज पडतं, म्हणून सेलला समांतर कपॅसिटर द्या. डबा पाइपवर नको, भिंतीवर लावा. मे महिन्यात इथली हवाच चाळिशीच्या वर असते, त्यात गरम पाइपची धग कशाला?

बोअरवेलचं पाणी जड असेल तर रिफ्लेक्टरवर (ध्वनी वळवणाऱ्या आरशावर) क्षार बसतात. चिप पहिल्या अर्धलाटेची ऑफसेटवरची (ठरवलेल्या व्होल्टेज पातळीवरची) रुंदी मोजते. तिचं पूर्ण अर्धलाटेशी गुणोत्तर रोज लॉग करा. ते हळूहळू उतरत गेलं तर बॉडी उघडून क्षार काढायची वेळ झाली. अचानक पडलं तर हवेचे बुडबुडे असणार. ट्रान्सड्यूसर वर-खाली बसलेत का बघा, ते बाजूला असायला हवेत.