गाणे आपले, नोंद कुणाच्या नावावर?

गीतकार, संगीतकार, गायक आणि कार्यक्रमांचे आयोजक यांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या (आयपीआरएस, पुढे केवळ ‘सोसायटी’) सभासदत्वाविषयी पाठवलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यात राहतो. २०१४ पासून माझी वीसेक भक्तिगीते व लोकगीते ध्वनिमुद्रित झाली. कंपनीने प्रत्येक गाण्याचे एकरकमी मानधन दिले आणि छापील कागदावर सही घेतली. ती गाणी आज मोबाइलवर, हॉटेलांत, जत्रांत वाजतात. मला मात्र त्यानंतर काहीच मिळालेले नाही. सोसायटीचा सभासद होऊन उपयोग होईल का? त्यासाठी मुंबईत ओळख लागते का?

उत्तर : ओळख लागत नाही, कागद लागतात. १९६९ साली मुंबईत स्थापन झालेली ही संस्था गीतकार, संगीतकार आणि संगीत प्रकाशक यांची आहे. गाणे जाहीरपणे गायले, वाजवले किंवा प्रसारित केले गेले, की त्यातील शब्द आणि चाल यांच्या वापराचे शुल्क वापरणाऱ्याकडून वसूल करायचे आणि ते सभासदांत वाटायचे, हे तिचे मुख्य काम. मात्र गीतकार-संगीतकारांची बाजू दीर्घकाळ लंगडीच राहिली. कारण मोबदला देऊन चित्रपटासाठी लिहून वा रचून घेतलेल्या गाण्याचा हक्क, उलट करार नसेल तर, निर्मात्याकडे जातो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये याच सोसायटीच्या खटल्यात दिला होता. कॉपीराइट कायद्यातील जी दुरुस्ती २१ जून २०१२ पासून अमलात आली, तिने हे चित्र बदलले. त्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये सोसायटीला कायद्याच्या कलम ३३ खाली नव्याने नोंदणी मिळाली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते कलम १८. आपली गाणी चित्रपटातील नाहीत, म्हणून त्यातील बिगरचित्रपट गाण्यांविषयीचे परंतुक आपल्याला लागू पडते. ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या शब्दांचा वा चालीचा कर्ता त्या रचनेच्या कोणत्याही वापरातून येणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा सोडून देऊ शकत नाही. तो वाटा केवळ कायदेशीर वारसाला, किंवा वसुली-वाटपासाठी कॉपीराइट सोसायटीला देता येतो. आणि याच्या विरुद्ध केलेला करार निरर्थक ठरतो. म्हणजे ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असे छापलेल्या कागदावर आपली सही असली, तरी रॉयल्टीचा वाटा त्या सहीने गेलेला नाही. आपले सर्व करार २०१२ नंतरचे आहेत, ही आपली जमेची बाजू. ते कागद पुन्हा एकदा नीट वाचावेत. हक्क किती काळासाठी दिला हे कागदावर लिहिलेले नसेल तर तो ५ वर्षांसाठी दिला असे कायदा मानतो, आणि कोणत्या प्रदेशापुरता दिला हे लिहिलेले नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. कराराची प्रतच आपल्याला मिळालेली नसेल (आमच्याकडे आलेल्या अनेक पत्रांत हीच तक्रार आहे), तर ती कंपनीकडे लेखी मागावी.

सभासदत्वासाठी निदान एखादी रचना प्रकाशित झालेली असावी लागते, आणि ती अट आपण कधीच पूर्ण केली आहे. अर्जासोबत पॅन, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, बँक खात्याचा तपशील आणि गाणे प्रकाशित झाल्याचा पुरावा जोडावा लागतो. अर्ज ऑनलाइन करता येतो. त्याबरोबरच एक हक्कपत्र करून द्यावे लागते आणि त्याद्वारे आपल्या रचनांच्या जाहीर वापराची वसुली सोसायटीकडे सोपवली जाते. हे हक्कपत्र घाईने उरकण्याचे नाही. कलम १९ मध्ये अशी तरतूद आहे की, सभासदाने जे हक्क आधी सोसायटीला दिले आहेत, त्यांच्या विरोधात जाणारा नंतरचा करार निरर्थक ठरतो. म्हणूनच नव्या गीतकाराने पहिल्या मोठ्या करारावर सही करण्यापूर्वी सभासद व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. नंतर भांडण्यापेक्षा ते पुष्कळ सोपे.

परंतु सभासद झालो म्हणजे काम झाले, अशी समजूत करून घेतलेली मंडळी पुष्कळ आहेत, आणि खरी गळती येथेच होते. सभासद होणे वेगळे आणि आपली प्रत्येक रचना सोसायटीच्या दप्तरी नोंदवणे वेगळे. नोंदणीत गाण्याचे शीर्षक, मुखडा, गीतकार, संगीतकार, गायक, कंपनी आणि प्रत्येकाचा वाटा हा तपशील बिनचूक द्यावा. आपल्याकडे गाण्याला स्वतंत्र शीर्षक देण्याची सवय नाही. ध्वनिफितीवर एक नाव, मोबाइलच्या ॲपवर दुसरे आणि लोकांच्या तोंडी तिसरे असते. ही सर्व पर्यायी नावे नोंदवावीत. आपल्या नावाच्या रोमन लिपीतील स्पेलिंगबाबतही हीच दक्षता घ्यावी. एकाच नावा-आडनावाचे दोन गीतकार दोन जिल्ह्यांत असणे महाराष्ट्रात मुळीच दुर्मिळ नाही. सभासदाला जो आयपीआय क्रमांक मिळतो तो जगभरच्या अशा संस्थांत त्याची एकमेव ओळख असतो, म्हणून पुढच्या प्रत्येक करारात तो लिहावा.

आपली गाणी ज्या ज्या ठिकाणी आहेत तेथे श्रेयात काय लिहिले आहे, तेही एकदा बसून तपासावे. हयात कवीच्या लोकगीतापुढे बेधडक ‘पारंपरिक’ असे लिहिलेले आम्ही अनेकदा पाहिले आहे. कधी ते अज्ञानाने होते, कधी सोयीने. पारंपरिक गाण्याच्या शब्दांचा वाटा कोणालाच द्यावा लागत नाही, एवढे सांगितले म्हणजे सोय कोणाची ते कळेल. आपल्या संतांनी आणि शाहिरांनी शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफण्याची रीत पाडली, ती या बाबतीत फार दूरदृष्टीची म्हटली पाहिजे. असे श्रेय आढळल्यास कंपनीला लेखी कळवून दुरुस्ती मागावी, आणि मूळ वही, ध्वनिमुद्रणाची तारीख, मानधनाची पावती असा जो पुरावा असेल तो सोसायटीकडे द्यावा.

किती रक्कम मिळेल, याबाबत मोठी अपेक्षा ठेवू नये. वाटप होते ते वापराच्या नोंदींवरून. ॲप आणि वाहिन्या यांच्या नोंदी मिळतात; जत्रेतल्या कर्ण्याची नोंद कोणी ठेवत नाही. रेडिओबाबत मात्र एक चांगली गोष्ट घडली आहे. ध्वनिमुद्रित गाणे प्रसारित करतानाही त्यातील शब्द व चाल यांची रॉयल्टी खाजगी रेडिओ केंद्रांनी दिली पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सोसायटीच्याच दाव्यात म्हटले.

प्रश्न : मी तुकोबांच्या अभंगांना नव्या चाली लावल्या असून त्यांचा एक संच प्रकाशित झाला आहे. शब्दांवर कोणाचाच हक्क नसल्यामुळे माझ्या चालींचीही नोंद होणार नाही, असे एका मित्राने सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. कायद्याच्या दृष्टीने शब्द ही एक कृती आहे आणि संगीत ही दुसरी. संगीताच्या व्याख्येतून शब्द मुद्दाम वगळलेले आहेत. अभंगाचे शब्द सर्वांना खुले आहेत, तरी आपली चाल स्वतंत्र असेल तर ती आपली. नोंद करताना शब्दांपुढे ‘तुकाराम, पारंपरिक’ असे लिहावे आणि संगीतकार म्हणून आपले नाव द्यावे. वारकरी फडांवर पिढ्यान्‌पिढ्या गायली जाणारी चाल थोडीफार वळवून तीच आपली म्हणून नोंदवणे मात्र अयोग्य ठरेल. तेथे आपली भर असते ती वाद्यमेळाची, आणि जेवढी भर तेवढाच दावा करावा.

प्रश्न : माझे वडील संगीतकार होते. त्यांचे १९९८ मध्ये निधन झाले. ते सोसायटीचे सभासद होते की नाही, हे आम्हा भावंडांना ठाऊक नाही. त्यांच्या गाण्यांची रॉयल्टी आम्हाला मिळू शकते का, आणि किती वर्षे? (कोल्हापूर)

उत्तर : मिळू शकते. कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. म्हणजे आपल्या वडिलांच्या चालींवरील हक्क २०५८ च्या अखेरपर्यंत राहील. येथेही शब्द आणि चाल यांचे हिशेब वेगळे होतात. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले आणि सुधीर फडके २००२ मध्ये. त्यामुळे या दोघांनी मिळून केलेल्या एकाच गीताच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेर संपेल, तर चालीवरील २०६२ अखेर. भा. रा. तांबे यांच्या हयातीत छापलेल्या कविता २००२ पासूनच मुक्त आहेत, पण त्यांना पुढे ज्यांनी चाली दिल्या त्यांचे हक्क त्यामुळे मुक्त होत नाहीत.

सोसायटीत वारसांसाठी सभासदत्वाची सोय आहे. प्रथम वडिलांच्या नावाने जुने सभासदत्व आहे का, हे लेखी विचारावे. असल्यास त्यांच्या नावाने साठलेली रक्कम आहे का, हेही त्याच पत्रात विचारावे. मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा लागेल. भावंडे अनेक असतील तर कोणाच्या खात्यात रक्कम यावी आणि पुढे ती कशी वाटायची, हे आपसांत ठरवून त्याचा संमतीलेख करावा. एका भावाने सही अडवल्यामुळे सगळ्यांचेच प्रकरण रेंगाळले, असे होऊ देऊ नये. त्याच्या बरोबरीने वडिलांच्या रचनांची यादी तयार करावी. जुन्या तबकड्यांची वेष्टने, आकाशवाणीची करारपत्रे, नाटकांच्या जाहिराती, मासिकांतील परीक्षणे यांतून ती जुळवावी लागेल. आणि ज्यांना ती गाणी कशी घडली हे आठवते, अशी माणसे आहेत तोवर हे काम हाती घेतलेले बरे.

प्रश्न : मी गायिका आहे आणि माझे पती तबलावादक आहेत. आम्हाला या सोसायटीचे सभासद होता येईल का?

उत्तर : स्वतः गीते लिहीत किंवा चाली रचत असाल तर होता येईल, केवळ गायन-वादनासाठी नाही. कलावंतांचे हक्क कायद्याच्या कलम ३८ व ३८अ मध्ये वेगळे सांगितलेले आहेत. त्यांच्यासाठीची संस्था २०१३ मध्ये गायकांची म्हणून नोंदली गेली, लता मंगेशकर तिच्या संस्थापकांपैकी होत्या, आणि आता तिच्या नावात वादकांचाही समावेश होऊन ती ‘इसम्रा’ या नावाने ओळखली जाते. ध्वनिमुद्रणात वादकांची नावे छापण्याचा आळस आपल्याकडे जुना आहे. म्हणून आपल्या पतींनी प्रत्येक ध्वनिमुद्रणाची तारीख, स्टुडिओ आणि गाणे यांची टिपणवही ठेवावी.

प्रश्न : मी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचा सभासद आहे. तेवढे पुरेसे नाही का? आणि सोसायटी वसुलीखेरीज आणखी काही करते का?

उत्तर : पुरेसे नाही. महामंडळ ही व्यवसायाची प्रातिनिधिक संस्था आहे. गाण्याच्या वापराची रॉयल्टी गोळा करणे हे तिचे काम नव्हे. दोन्हीकडे सभासद असण्यात काही अडचण नाही. सोसायटी ‘लर्न अँड अर्न’ या नावाने निरनिराळ्या शहरांत कार्यशाळा घेते, त्यांत करार, नोंदणी आणि वाटप यांची माहिती दिली जाते. २०२० च्या टाळेबंदीत तिने सभासदांना आर्थिक मदतही दिली होती. तिच्या कार्यकारी मंडळात कर्ते आणि हक्कधारक यांची संख्या समान असावी असे कायदाच सांगतो, तेव्हा मराठी सभासदांनी वार्षिक सभेची सूचना न वाचता बाजूला ठेवू नये.

प्रश्न : आमची संस्था पुण्यात जुन्या मराठी गाण्यांचे तिकीट लावून कार्यक्रम करते, आणि गोव्यात लग्नसमारंभांतही आमचा वाद्यवृंद जातो. आम्हाला परवाना घ्यावा लागेल का?

उत्तर : तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला घ्यावा लागेल. हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या सादरीकरणाला कलम ५२ मध्ये सूट आहे, पण आपला कार्यक्रम त्यात बसत नाही. लग्नाबाबत त्याच कलमात धार्मिक विधी, वरात आणि लग्नाशी निगडित सामाजिक समारंभ यांना सूट दिलेली आहे. या सुटीचा अर्थ लावणारे परिपत्रक गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले. कलमातील सूट त्यामुळे नाहीशी झालेली नाही. परंतु परिपत्रकाचा हवाला देऊन आता कोणालाही परवाना घेण्याचे टाळता येणार नाही. प्रसंग नेमका कोणता, तो लग्नविधीशी कितपत जोडलेला आहे, हे पाहूनच ठरवावे लागेल, आणि हॉटेलशी करार करताना परवान्याची जबाबदारी कोणाची, हे त्यात लिहून घ्यावे.

परवाना घेताना कार्यक्रमात गायल्या जाणाऱ्या गाण्यांची यादी गीतकार-संगीतकारांच्या नावांसह सोसायटीला द्यावी. बहुतेक आयोजक शुल्क भरून मोकळे होतात आणि यादी देण्याचा कंटाळा करतात. मग भरलेले पैसे नेमक्या कोणत्या गाण्याचे, हे कळण्यास मार्ग राहत नाही. निवेदकाच्या हातात ती यादी असतेच. तिची एक प्रत कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी पाठवायची आहे, आणि आयत्या वेळी फर्माइशीवरून गायलेली गाणीही तीत हाताने लिहायची आहेत.