हाल्ब द्राय म्हणजे किती वाजले?

तू सेलूची, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, परभणीच्या एका खासगी दवाखान्यात चार वर्षं काम केलंस, जर्मन भाषेची बी१ पातळीची परीक्षा पास आहेस. एजंट म्हणतो, साडेतीन लाख भर, सहा महिन्यांत जर्मनीत नर्स होशील. घरचे दोन एकर रान गहाण टाकायला तयार आहेत. जावं का, काम मिळेल का, तिथं निभेल का, एवढं तू विचारलंस. ताई म्हणालीस म्हणून बहिणीला सांगावं तसं सांगते.

मी अंबाजोगाईची. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या २०१६ साली माझं जीएनएम संपलं. आता जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका दवाखान्यात आहे.

काम मिळेल. नर्स इथं कमीच पडतात. २०२४ साली आपल्या महाराष्ट्र सरकारनं मनुष्यबळ पाठवायचा करार केला तो मी राहते त्याच बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी. तेव्हा ती काळजी सोड.

रान मात्र गहाण टाकू नको. केरळच्या पोरी नोर्का रूट्स या तिथल्या सरकारी संस्थेमार्फत ‘ट्रिपल विन’ या नर्सभरतीच्या योजनेतून येतात, त्यांना भरतीचा एक रुपया द्यावा लागत नाही. नर्स आणायचा खर्च मालकानं करायचा, हीच इथली सरळ पद्धत. तुझ्याकडून लाखो मागणारा माणूस बहुतेक दोन्हीकडून घेतोय.

आता ‘सहा महिन्यांत नर्स’. तू येशील ती हेल्पर म्हणून. तुझ्या मार्कशीट, अभ्यासक्रमाचे तास, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, सगळ्याचा शपथबद्ध अनुवादकाकडून अनुवाद होऊन ते इथल्या राज्याच्या कार्यालयात जातं. मग एक पत्र येतं, डेफिझिटबेशाइड. तुझं शिक्षण कुठं कमी पडतं त्याची ती यादी. ते पत्र हातात धरून मी पायऱ्यांवर बसले होते. चार ओळी वाचल्या आणि वाटलं, आपण इतकी वर्षं काय गोट्या खेळलो काय. त्यानंतर एक तर काही महिन्यांचं प्रशिक्षण, नाहीतर केंटनिसप्रुफुंग ही परीक्षा. ते होईपर्यंत पगार हेल्परचा, आणि त्यातूनच घरभाडं.

कामाचं स्वरूपही तुला कुणी सांगितलं नसेल. आपल्याकडं पेशंटसोबत बायको, सून, भाचा असतात. अंग पुसणं, खाऊ घालणं त्यांच्याकडं, सलाईन-इंजेक्शन आपल्याकडं. इथं उलटं. अंघोळ घालणं, कवळी धुणं, डायपर बदलणं हे नर्सचंच काम, आणि सलाईनची सुई बहुतेक ठिकाणी डॉक्टर लावतो. लहान बाळाची नस पहिल्या झटक्यात सापडणारी मी, पहिले सहा महिने आज्जींच्या पाठीला क्रीम चोळत होते. कामाला मी कमी लेखत नाही, पण मनाला लागतं. तयारीनं ये.

आणि भाषा. बी१वर येऊ नको. बी२ ही पुढची पातळी करूनच निघ, भले वर्ष जाऊ दे. पुण्याला जाऊन मॅक्सम्युलर भवनात परीक्षा दे. इथं आल्यावर ड्युटी करून शिकू म्हणशील, पण नाइट करून आलेल्या माणसाला व्याकरण दिसत नाही, उशी दिसते.

परीक्षेतली जर्मन वेगळी आणि वॉर्डातली वेगळी, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं. हँडओव्हरला सिस्टर म्हणाली, खोली नंबर चार, एक्स-रे, ‘हाल्ब द्राय’. हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. मी डोक्यात साडेतीन लिहून घेतले. त्याचा अर्थ असतो अडीच. अडीच वाजता आजोबा गादीवर निवांत आणि खालून फोनवर फोन. त्यातून इथली श्वेबिश बोली: सव्वादोनला म्हणणार ‘फिर्टल द्राय’, पावणेतीनला ‘द्रायफिर्टल द्राय’. सगळा हिशोब पुढच्या तासाचा. आपल्या ‘पावणे’सारखाच आहे असं एकदा डोक्यात बसलं, मग चुकले नाही.

पुण्यात आपण ‘काय करायलास’ म्हटलं की हसतात ना, तसं या लोकांच्या बोलीला बाकीचे जर्मन हसतात. या राज्याच्या सरकारनं स्वतःची जाहिरातच केली होती, आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून. म्हणून बोलीतलं कळलं नाही तर ‘परत सांगा’ म्हणायला लाजू नको. मान हलवून ‘हो हो’ करणं ही आपली सवय औषधाच्या डोसाशी फार वाईट खेळते.

माणसांत मिसळणं हळूच होतं. इथं ‘या, चहा घ्या’ म्हणून कुणी दार उघडत नाही. वाढदिवसाला केक आपणच न्यायचा. मी वाट बघत बसले आणि कुणी विश केलं नाही म्हणून रात्री रडले. माझ्या इमारतीत जिन्याची साफसफाई आठवड्याच्या पाळीनं असते, केरवोखे म्हणतात. पाळी आली की दाराला पाटी लटकते. पहिल्या पाळीला मी आपल्या पद्धतीनं वरून खालपर्यंत पाणी ओतून, कोपरे खरवडून जिना घासला. समोरच्या जर्मन बाईनं दार उघडून पाहिलं, काही न बोलता आत गेली आणि जिना पुसायचं एक चांगलं फडकं आणून दिलं. त्यानंतर ती जिन्यात थांबून बोलायला लागली. माझं अर्धं श्वेबिश तिच्याकडून आलंय.

नवरा मागाहून येणार असेल तर त्यालाही तिकडंच भाषा शिकव. माझ्या नवऱ्याचं गावी ट्रॅक्टरचं गॅरेज होतं, इथं दोन वर्षं पार्सलच्या गोदामात खोकी उचलली. काम करायची परवानगी होती, तोंड उघडायची सोय नव्हती. घरात त्या दोन वर्षांची भांडणं मी इथं लिहीत नाही.

या आठवड्यात एक कर. पासपोर्ट, मार्कशीट, नोंदणी, तिन्हीवरचं नाव शेजारी ठेवून बघ. आपल्याकडं कुठं आडनाव आधी, कुठं वडिलांचं नाव गायब, लग्नानंतरचं आणखी तिसरंच. इथल्या क्लार्कला त्या तीन बायका वाटतात. आणि करारपत्र आलं की ‘आधी नोकरी सोडल्यास खर्च परत’ असं कलम कुठं आहे ते शोध. किती युरो, किती वर्षं, ते बघ. सही करायच्या आधी पानांचे फोटो मला पाठव. गुरुवारी सुट्टी आहे, वाचून सांगते.