अक्षता टाकणारेच आता नाकं मुरडतात

प्रश्न : बाई, आम्ही सातपूरला राहतो. माझ्या भाचीचं पंधराव्या वर्षी गावाकडे लग्न लावून दिलं. आता ती सोळाची, पदरात पाच महिन्यांचा मुलगा. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं, केस चालू आहे. ती माझ्याकडे राहते, दहावीला बसायचं म्हणते. मुख्याध्यापक म्हणतात, "बाकीच्या मुलींवर परिणाम होईल." शेजारणी तर तोंडावर बोलतात. काय करू?
— एक मावशी, नाशिक

उत्तर : मावशी, पोरीला ठेवून घेतलंत, फार बरं केलंत.

शेजारणींचं सोडा. लग्नात अक्षता टाकताना कुणी मुलीचं वय विचारलं होतं का? २००६च्या कायद्यात बालविवाहाला हजर राहणंही गुन्हा आहे. मुलगी मात्र गुन्हेगार नाही. तिच्या कडेवर पोर दिसलं की सगळ्यांना संस्कार आठवतात, नवऱ्याच्या घरच्यांना कुणी हटकत नाही.

'परिणामा'ची भीती मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. गेटावर मोटरसायकली फिरवणाऱ्यांचा परिणाम कधी कुणाला दिसला नाही.

आई झालेल्या मुलीला शाळेत घेऊ नये, असा नियम नाही. नकार लेखी द्या म्हणा. कागद मागितला की बरेच साहेब नरमतात. नाही नरमले तर माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. वर्गात बसणं जमणारच नसेल, तर फॉर्म नंबर १७ भरून बाहेरून परीक्षा देता येते. त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते, शाळेच्या होकाराची वाट बघत ती घालवू नका.

आता कुणी सांगत नाही ते सांगते. बाळ अंगावर पितंय ना? भाषेचा पेपर तीन तासांचा, गणित-विज्ञानाचे दोन-दोन तासांचे. आत जाण्याआधी पाजून घेऊ दे, आतून सुती कापडाची घडी लावू दे, ओढणी गडद रंगाची. दुधानं ड्रेस भिजला की पोरगी लाजून पेपर अर्धा टाकते. तुम्ही बाळाला घेऊन सावलीत थांबा.

लग्न रद्द करून घ्यायचा अर्ज तिला विसाव्या वर्षापर्यंत करता येतो. ते तिचं ती ठरवेल, आत्ता मागे लागू नका. मात्र संध्याकाळी बाळ कुणी घ्यायचं, हे आजच ठरवा. ती पुस्तक उघडून बसली की "तुझं पोर रडतंय गं" अशी हाक मारणारं घरातलंच कुणीतरी असतं.