आहेराची वही

सायलीच्या आईने टेबलावर पिशवी उपडी केली, तेव्हा आधी कापूस पडला. मागोमाग टेडी बेअरचं रिकामं कातडं, पोट उसवलेलं.

"मॅडम, मी शिलाईची कात्रीच घातली त्याच्यात. आत मशीन ठेवतात म्हणे, कुठे जातो ते कळायला."

मशीन निघालं नव्हतं. सायली खुर्चीच्या कडेवर बसून नाशिकच्या कॅनडा कॉर्नरची रहदारी खिडकीतून बघत होती, जणू या बाईंशी आपला काही संबंध नाही.

(नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला दोघींनी होकार दिला आहे.)

सायली बावीस वर्षांची. घर सिडकोत, वडील अंबडच्या कंपनीत. ही रात्री नऊ ते बारा मोबाइलवर बीजीएमआय हा लढाईचा गेम खेळते आणि खेळता खेळता मराठीत गप्पा मारते. ते लाइव्ह बघणारी मंडळी महाराष्ट्रभर आहेत. मुंबईत गेमिंगचा दोन दिवसांचा मेळावा झाला, तिथे ती पहिल्यांदाच चाहत्यांना समोरासमोर भेटली. पंचवटी एक्स्प्रेसने परतली ती दोन पिशव्या घेऊन. टेडी, कॉफीचा मग, पॉवर बँक, चॉकलेटं, हाताने काढलेली चित्रं, स्टीलच्या डब्यात डिंकाचे लाडू. आणि एका लाल डबीत चांदीचे पैंजण.

"नाही म्हटलं तर लोक दुखावतात, आणि घेतलं तर मला झोप लागत नाही," ती म्हणाली. "करू काय?"

हा प्रश्न हल्ली मला समुपदेशनात बऱ्याचदा येतो. रील करणारी मुलं विचारतात, मागे एका तरुण कीर्तनकारानेही विचारला होता. त्याला कोणीतरी घड्याळ दिलं होतं आणि ते हातात घातलं की कीर्तनात लक्ष लागेना.

आईच्या भीतीपासून सुरुवात केली, कारण तिचं उत्तर सोपं होतं. ब्लूटूथवर चालणारे ट्रॅकर खरंच असतात, मोठ्या नाण्याएवढे. ॲपलचा एअरटॅग 2021 मध्ये आला, तसे इतर कंपन्यांचेही मिळतात. अनोळखी ट्रॅकर आपल्याबरोबर फिरत असेल तर आयफोन सूचना देतो, आणि 2023 पासून अँड्रॉइड फोनही देतात. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात जाऊन आपण स्वतःही शोध घेऊ शकतो. पण सूचना यायला वेळ लागतो, आणि प्रत्येक बनावटीचा ट्रॅकर फोनला ओळखता येतोच असं नाही. म्हणून मऊ खेळणं हाताने दाबून बघावं, आणि ते घराबाहेर असतानाच. सिडकोतल्या घरात आणून मग पोट फाडलं तर तोवर पत्ता पोचलेला असतो. सापडलाच तर फेकून द्यायचा नाही. एअरटॅगला फोन टेकवला की त्याचा अनुक्रमांक दिसतो. तो टिपायचा, फोटो काढायचा, बॅटरी काढायची आणि वस्तू पोलिसांकडे द्यायची.

आई समाधानाने कापूस पिशवीत भरू लागल्या. मी मात्र लाल डबीकडे बघत होते.

डबीत एका मुलाची चिठ्ठी होती, "लाइव्हला घालशील ना?" सायलीने दुसऱ्या दिवशी घातले, पाय क्षणभर कॅमेऱ्यासमोर धरला आणि त्या मुलाचं नाव घेऊन आभार मानले. त्याने लगेच पाचशे रुपयांचा सुपरचॅट, म्हणजे लाइव्ह चालू असताना पैसे जोडून पाठवायचा मेसेज, केला. पुढच्या रात्रीही घातले. तिसऱ्या रात्री घातले नाहीत, तर दोन वाजता मेसेज आला, "विसरलीस?"

या एका शब्दाने तिची झोप गेली होती.

टीव्हीवरचा सूत्रसंचालक आपल्याशीच बोलतोय असं प्रेक्षकाला वाटतं, या एकतर्फी नात्यावर डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी 1956 मध्येच लिहून ठेवलं आहे. पण टीव्हीवरचा माणूस तुमचं नाव घेत नव्हता. सायली घेते. "आलास का रे, जेवलास का?" असं ती रोजच्यांना विचारते, तोच तिचा धंदा आहे आणि त्यात खोटेपणा नाही. ऐकणाऱ्यांतल्या हजारांना ती गंमत वाटते. एखाद्याला ते वचन वाटतं, आणि पैंजण अंगावर दिसले की वचनावर शिक्का बसतो.

इथे माझी चूक सांगते. पहिल्या बैठकीत मी म्हणाले, "आयोजकांमार्फत परत पाठवून दे." वाक्य तोंडातून सहज गेलं, कारण आपल्याकडे नको असलेली वस्तू परत करणं हेच सभ्यपणाचं. रात्री आठवलं. 2016 च्या मे महिन्यात टोकियोत एका चाहत्याने वीस वर्षांच्या गायिकेवर कार्यक्रमाच्या जागेबाहेर चाकूने वार केले. त्याने तिला घड्याळ पाठवलं होतं आणि तिने ते परत केलं होतं. ती वाचली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जपानने पाठलागविरोधी कायदा बदलून समाजमाध्यमांवरचा त्रासही त्यात घेतला. प्रत्येक रुसलेला चाहता चाकू काढतो असं अजिबात नाही. पण परत आलेली वस्तू हा त्या माणसासाठी 'फक्त मला' दिलेला निरोप असतो. आभाराने जसं नातं जुळलं असं त्याला वाटलं, तसंच परत करण्यानेही वाटतं. सकाळी आठला सायलीला फोन केला आणि "थांब" एवढंच सांगितलं.

मग रस्ता सापडला तो आईंकडून.

"तुमच्या लग्नपत्रिकेत खाली काय छापलं होतं?" मी विचारलं.

"'कृपया आहेर आणू नये.' तरी आणलाच लोकांनी."

"कोणी रागावलं का, आणू नये म्हटलं म्हणून?"

"रागावायचं काय त्यात? सगळ्यांनाच लिहिलं होतं ना."

तेच हवं होतं. मांडवात एकाच्या हातातलं पाकीट ढकललं तर तो अपमान. पत्रिकेत सगळ्यांना आधी छापलं तर ती पद्धत. सायलीने आपल्या पानावर दोन ओळी टाकल्या, "यापुढे कोणाचीही भेटवस्तू घेणार नाही. पत्रं आणि चित्रं आवडतील." आधी तिला लिहायचं होतं, "आई-बाबा रागावतात." मी ते काढायला लावलं. आई-बाबांचं कारण दिलं की समजूत घालायला कोणीतरी आई-बाबांकडेच येतो. कारण दिलं की वाद सुरू, म्हणून कारणच द्यायचं नाही.

आईंनी आणखी एक गोष्ट काढली. त्यांच्याकडे लग्नातली आहेराची वही अजून आहे, कोणाचं पातेलं आणि कोणाचे एक्कावन्न रुपये. तशीच नवी वही घातली. तारीख, कुठे, कोणी, काय, सोबत चिठ्ठी असेल तर तिचा फोटो. तेवढ्यात वडिलांनी करांचं विचारलं. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या रोख आणि मौल्यवान भेटी पन्नास हजारांच्या वर गेल्या तर त्यावर कर लागतो, आणि हे तर तिच्या कामातून येतंय, म्हणून सीएला दाखवा, म्हटलं. ते खूश झाले. घरातलं एक माणूस तरी आकड्यांत रमलं.

पुढचा मेळावा पुण्यात होता. चुलतभाऊ टेबलाशी बसला, शेजारी एक खोकं. जे कोणी आणेल ते खोक्यात, सायलीच्या हातात काहीच नाही, सेल्फी टेबलापलीकडून. खोकं तिथेच उघडून बघायचं, घरी न्यायचं नाही. पॉवर बँक, पेन ड्राइव्ह, चार्जिंगची केबल काही लावून बघायचं नाही. लाइव्हवर भेटी उघडून दाखवायच्या नाहीत, कारण एकाची दिसली की दुसऱ्याची मोठी येते. आभार सगळ्यांचे एकत्र, नावं न घेता. टेडीचा फोटो तिने टाकला होता त्यात मागच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसत होती, तो काढला. जपानमध्ये 2019 साली एकाने गायिकेच्या सेल्फीत, तिच्या डोळ्यांतल्या प्रतिबिंबावरून, रेल्वे स्टेशन ओळखलं होतं. सिडकोची टाकी तर त्याहून सोपी.

या सगळ्यात ती रडली एकदाच, आणि पैंजणांमुळे नाही. लाडवांमुळे. "मॅडम, ते खरंच कोणाच्या तरी आईने केले असतील." असतीलच. डिंक तळायचा, खारीक कुटायची, हे काही घातपाताचं काम नव्हे. तरी टाकायचेच. तिने विचारलं, सोसायटीच्या वॉचमनला दिले तर? मी म्हटलं, तुझ्या पोटाला जे चालत नाही ते त्यांच्या पोटाला कसं चालेल? मग आम्ही एक अख्खा तास त्या लाडवांवर बोललो. अन्न टाकल्याची टोचणी जाणार नव्हतीच, मी ती घालवायचा प्रयत्नही केला नाही. टोचणी असूनही टाकता येतं, एवढंच तिला करून बघायचं होतं. घरी जाऊन तिने डबा घासून ठेवला. वहीत लिहिलं, "लाडू, अकरा. नाव नाही."

आणि तो मुलगा. त्याला तिने एकदाच स्पष्ट लिहिलं, "मला खासगी मेसेज करू नकोस." पुढे उत्तर नाही, फक्त स्क्रीनशॉट. नऊ दिवसांत चौदा मेसेज आले, शेवटचा असा, "नाशिकला येतोय, कॉलेज रोडला भेट." भारतीय न्याय संहितेचं कलम 78 याच प्रकारासाठी आहे. बाईने नको म्हटल्यावरही पुरुषाने वारंवार संपर्क साधला, पाठलाग केला, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवली, तर पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो समोर आलाच तर 112, हे घरातल्या सगळ्यांना पाठ. वडील तिला घेऊन सायबर पोलीस ठाण्यात गेले. तिथे पहिला प्रश्न आला तो तारखांचा. आईंनी पिशवीतून वही काढली.

त्यानंतर मेसेज थांबले आहेत. कायमचे, असं मी म्हणत नाही, सायलीही म्हणत नाही. पुण्यात एक दहाएक वर्षांची मुलगी चित्र घेऊन आली होती आणि ते ताईच्या हातातच द्यायचं म्हणून हटून बसली. चुलतभावाने खोक्याकडे बोट दाखवलं, मुलीचे ओठ थरथरले. सायली सांगते, तो हात मागे ठेवणं तिला त्या चौदा मेसेजांपेक्षा जड गेलं. ते चित्र आता तिच्या भिंतीवर आहे.

पैंजण एका पाकिटात बंद आहेत, वर तारीख आणि सायलीची सही. परवा आईंचा फोन आला.

"मॅडम, चांदीचा भाव बघितला का? सोनाराकडे मोडीत घालू का आता?"

"अजून नाही," मी म्हटलं.

"बरं," म्हणाल्या, "मग वहीत तसंच ठेवते."