ऋतूंच्या देवता : तीन, चार की सहा?

ऋतूंना देवत्व देणाऱ्या पुराणकथांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांची लांबी सारखी नाही, कारण काही प्रश्नांच्या पोटात दुसरा, अधिक महत्त्वाचा प्रश्न दडलेला होता.

प्रश्न : ग्रीक पुराणांत ऋतूंच्या देवी तीन सांगितल्या आहेत, पण शिल्पांत मात्र चार दिसतात. खरी संख्या कोणती? या देवींना ‘होरा’ म्हणत असे वाचले. आपल्या ज्योतिषातील होरेशी त्याचा संबंध आहे का?

उत्तर : दोन्ही संख्या खऱ्या आहेत, पण त्या एका काळातल्या नाहीत. ग्रीक भाषेत या देवींपैकी एकीला ‘होरा’ आणि सर्वांना मिळून ‘होराय’ म्हणतात. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास हेसिअड या कवीने देवांची जी वंशावळ रचली, तिच्यात त्या देवांचा राजा झ्यूस आणि नियमांची देवी थेमिस यांच्या तीन मुली आहेत. त्यांची नावे युनोमिया, डिके आणि आयरीनी, म्हणजे सुव्यवस्था, न्याय आणि शांती अशी आहेत. ही नावे प्रथम ऐकणारा बुचकळ्यात पडतो, कारण त्यांत ना ऊन आहे, ना पाऊस, ना फुले. माझ्या मते मात्र या विषयाचे सारे मर्म या नावांतच आहे. ऋतूची देवता ही मुळात हवामानाची देवता नव्हे. ठरलेली गोष्ट ठरल्या वेळी, आपल्या पाळीने घडत राहील, याची हमी देणारी ती देवता आहे. म्हणूनच होमरच्या काव्यात याच देवी स्वर्गाच्या दारावर पहारा देतात आणि दाट ढग केव्हा बाजूला सारायचा व केव्हा पुन्हा ओढायचा, हे त्यांच्या हाती असते.

अथेन्सच्या लोकांची भक्ती शेताला अधिक जवळची होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रवासी लेखक पॉसेनियस सांगतो की, तेथे थॅलो आणि कार्पो या होरांची पूजा होत असे. थॅलो ही मोहर आणणारी आणि कार्पो ही फळ देणारी. या दोघींच्या मधली ऑक्सो, म्हणजे वाढवणारी, हिची गणना कधी होरांत तर कधी लावण्यदेवींत केली जाई. मोहर, वाढ आणि फळ एवढ्यात त्यांचे वर्तुळ पूर्ण होत असल्यामुळे हिवाळ्याला त्यात जागा नव्हती. पुढे वर्षाचे चार भाग करण्याची रीत रूढ झाली, तशा होराही चार झाल्या आणि रोमन काळातील घरांच्या जमिनींवर रंगीत खड्यांनी काढलेल्या चित्रांत डोक्यावरून वस्त्र घेतलेली हिवाळ्याची देवी दिसू लागली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इसवी सन २६० ते २७० च्या सुमाराची एक संगमरवरी रोमन शवपेटी आहे. तिच्यावर मध्यभागी चित्त्यासारख्या श्वापदावर बसलेला मद्याचा देव डायोनायसस आहे, पण नजर जाते ती त्याच्याहून मोठ्या कोरलेल्या चार ऋतूंकडे. ते चारही स्त्रिया नसून धट्टेकट्टे तरुण आहेत आणि त्यांची रांग डावीकडून हिवाळ्यापासून सुरू होते.

आता होरेविषयी. ग्रीक ‘होरा’ शब्दाचा जुना अर्थ काळाचा ठरावीक भाग असा होता. तो वर्षाला लागे, ऋतूला लागे आणि नंतर दिवसाच्या तासालाही लागू झाला. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहज्जातक’ ग्रंथात ‘अहोरात्र’ शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर गळून ‘होरा’ झाला, असे काहींचे मत नोंदवले आहे. ही व्युत्पत्ती सुबक आहे. परंतु केंद्र, पणफर आणि आपोक्लिम हे ज्योतिषातील शब्द ज्या वाटेने ग्रीकमधून आले, त्याच वाटेने होराही आला, असे अभ्यासक मानतात आणि ते मला पटते. रविवारनंतर सोमवार आणि सोमवारनंतर मंगळवार हा वारांचा क्रमदेखील होरांच्या, म्हणजे दिवसाच्या चोवीस तासांच्या, अधिपती ग्रहांच्या हिशेबातूनच निघतो. आपण ‘त्याचा होरा चुकला’ असे म्हणतो, तेव्हा अथेन्सच्या शेतकऱ्याला मोहर देणाऱ्या देवीचेच नाव आपल्या तोंडी असते.

प्रश्न : पर्सिफनी वर्षातील सहा महिने पाताळात राहते की चार? आणि देवता पाताळात गेली म्हणजे हिवाळा, हे सर्व संस्कृतींत सारखेच आहे का?

उत्तर : पर्सिफनीची आई आणि धान्याची देवी डिमीटर हिच्या जुन्या ग्रीक स्तोत्रात वर्षाचा एक तृतीयांश, म्हणजे चार महिने सांगितले आहेत, तर रोमन कवी ओव्हिड वर्षाचे सरळ दोन भाग करतो. डाळिंबाच्या दाण्यांचेही तसेच आहे. स्तोत्रात पर्सिफनीला पळवून नेणारा पाताळाचा राजा हेडीस तिला निरोप देताना गुपचूप एकच दाणा भरवतो, पण ओव्हिडच्या एका काव्यात ते दाणे सात होतात. मला स्तोत्रातील कथा अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यात आईचा शोक नीट दिसतो. मुलगी हरवलेली डिमीटर म्हाताऱ्या बाईचे रूप घेऊन एल्युसिस गावाच्या विहिरीपाशी बसते आणि पाणी भरायला आलेल्या राजकन्या तिला घरी घेऊन जातात. पुढे ती धान्य जमिनीतच रोखून धरते. बैल नांगर ओढत राहतात, पांढरे सातू मातीत पडत राहतात, पण काहीही उगवत नाही. माणसे उपाशी मरू लागतात आणि देवांचे हविर्भागही बंद होण्याची वेळ येते, तेव्हा कुठे झ्यूस नमतो. येथे ऋतुचक्र कोणी सहज निर्माण केलेले नाही. एका आईने अडून बसून मिळवलेली ती तडजोड आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मेसोपोटेमियात पाताळात जाणारा देव म्हणजे मेंढपाळ दुमुझी. त्याची पत्नी इनान्ना पाताळातून परत येते, पण तिच्या जागी कोणाला तरी पाठवणे भाग असते. तिच्यासाठी शोक न करता दुमुझी उंची वस्त्रे घालून सिंहासनावर बसलेला तिला दिसतो आणि ती त्यालाच पाताळाच्या दूतांच्या हवाली करते. पुढे त्याची बहीण गेश्तिनान्ना अर्धे वर्ष स्वतः पाताळात राहायला तयार होते. या दुमुझीचा शोक केला जाई तो भर उन्हाळ्यात, कारण त्या भूमीत गवत करपते आणि कळपांचे हाल होतात ते उन्हाने. त्याचे नाव पुढे तम्मुझ झाले. जेरुसलेमच्या मंदिराच्या उत्तर दारापाशी तम्मुझसाठी रडणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख बायबलमधील यहेज्केलाच्या पुस्तकात आहे आणि इराक व सीरियात जुलै महिन्याला आजही तम्मूझ म्हणतात.

इजिप्तमध्ये तर ऋतूंची मोजणी पाण्यावर होती. पुराचा अखेत, जमीन वर येण्याचा पेरेत आणि कापणीचा शेमु असे चार-चार महिन्यांचे तीन ऋतू आणि वर अधिकचे ५ दिवस मिळून त्यांचे ३६५ दिवसांचे वर्ष होई. नाईलच्या पुराचा देव हापी हा पुरुष असूनही लोंबते स्तन आणि सुटलेले पोट असलेला दाखवतात, कारण तो पोसणारा आहे. सक्कारा येथे इसवी सनापूर्वी २३०० च्या सुमाराची मेरेरुका या वजिराची कबर आहे. तिच्या भिंतीवर तो स्वतः फलकासमोर बसून तीन ऋतूंच्या आकृती रंगवत आहे. ऋतूंना माणसाचे रूप देणारा माणूसच त्या चित्रात आपल्याला समोर बसलेला दिसतो, म्हणून मला ते फार प्रिय आहे.

प्रश्न : वेदांत ऋतूंना देव मानले आहे का? त्यांची संख्या पाच की सहा? आणि काव्यात वसंत हा पुरुष, तर शरद ही स्त्री का?

उत्तर : ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील पंधराव्या सूक्तात इंद्र, मरुत, त्वष्टा, अग्नी अशा देवांना ऋतूच्या संगतीने सोम पिण्यास बोलावले आहे. तेथे ‘ऋतु’ म्हणजे केवळ हवामानाचा काळ नव्हे, तर यज्ञातील ज्याची-त्याची योग्य पाळी होय. ‘ऋत’, म्हणजे विश्वाची सुव्यवस्था, आणि ‘ऋतु’ हे शब्द एकाच धातूचे मानले जातात, हे लक्षात घेतले म्हणजे हेसिअडच्या सुव्यवस्था आणि न्याय या देवी परक्या वाटत नाहीत. पुरुषसूक्तात मात्र ऋतू स्वतःच यज्ञाची सामग्री झाले आहेत. वसंत हे तूप, ग्रीष्म हे इंधन आणि शरद हे हवी असे तेथे तीनच ऋतू येतात. ऐतरेय ब्राह्मणात बारा महिन्यांचे पाच ऋतू सांगून हेमंत आणि शिशिर एकत्र धरल्याचा खुलासाही केला आहे. तैत्तिरीय परंपरेत मधु-माधव, शुक्र-शुचि अशा महिन्यांच्या जोड्या लावून सहा ऋतू येतात. तेव्हा तीन, पाच आणि सहा या तिन्ही मोजण्यांना वैदिक आधार आहे.

स्त्री-पुरुष भेद ठरवते ते बहुतेक वेळा व्याकरण. संस्कृतात वसंत, ग्रीष्म आणि हेमंत पुल्लिंगी आहेत, तर वर्षा आणि शरद् स्त्रीलिंगी आहेत. कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहार’ काव्यात शरद येते ती काशाच्या फुलांचे वस्त्र नेसलेल्या नववधूसारखी, आणि वसंत येतो तो आंब्याच्या मोहराचे बाण घेतलेल्या योद्ध्यासारखा. पावसाला मात्र कवीला हत्तीवरून येणारा राजा करायचे होते. ‘वर्षा’ शब्दाने ते साधले नसते, म्हणून त्याने ‘घनागम’ हा पुल्लिंगी शब्द योजला. कल्पनेसाठी कवी व्याकरणाची कशी सोय लावतो, याचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही. मराठीत आल्यावर शरदेचे लिंगच पालटले. आपल्याकडे शरद हे मुलाचे नाव आहे आणि वर्षा हे मुलीचे.

प्रश्न : चीन आणि जपानमध्ये ऋतूंचे देव आहेत का? आणि हिवाळा हा नेहमी खलनायकच असतो का?

उत्तर : चीनच्या प्राचीन विधिग्रंथात वसंताला गोउमांग, उन्हाळ्याला झुरोंग, शरदाला रुशोउ आणि हिवाळ्याला श्वानमिंग असे देव नेमले असून त्यांच्या दिशा अनुक्रमे पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर आहेत. जपानी काव्यात हीच मांडणी भूगोलात उतरली. जुनी राजधानी नारा हिच्या पूर्वेच्या साओ डोंगरावरून वसंताची साओहिमे आली आणि पश्चिमेच्या तात्सुता डोंगरावरून लाल पाने विणणारी शरदाची तात्सुताहिमे आली.

हिवाळा सर्वत्र खलनायक नाही. पोलंडमध्ये मार्झान्नाचा पुतळा जाळतात किंवा पाण्यात बुडवतात, तेव्हा ती निश्चितच घालवून देण्याची गोष्ट असते. स्कॉटलंडमधील हिवाळ्याची म्हातारी कॅलिआख हिला लोक भितात, पण तिचा मानही राखतात. कोरीव्रेकनच्या समुद्री भोवऱ्यात ती आपली घोंगडी धुते आणि मग डोंगर पांढरे होतात, असे सांगतात. मेसोपोटेमियाच्या दक्षिणेकडील प्राचीन सुमेरमध्ये तर हिवाळाच श्रेष्ठ ठरतो. एन्लिल देवाने निर्माण केलेले उन्हाळा आणि हिवाळा, म्हणजे एमेश आणि एन्तेन हे दोघे भाऊ, आपल्यात थोर कोण म्हणून भांडतात. जीवन देणारे पाणी हिवाळ्याच्या ताब्यात असल्यामुळे एन्लिल त्याच्या बाजूने निवाडा देतो. उन्हाळा तो मान्य करून भावापुढे वाकतो, त्याला घरी बोलावून मेजवानी देतो, सोने, चांदी आणि लाजवर्द हा निळा मोलाचा दगड भेट करतो, आणि दोघांमधले बंधुत्व उत्तम तेलासारखे ओतले जाते.